बुडून की पोळून?

परदेशात राहणाऱ्या माणसाला रविवार जड जातो. आठवडाभर कामाच्या रगाड्यात घर विसरता येते. रविवारी मात्र ते आपल्या पायांनी चालत येऊन समोर उभे राहते. आम्ही उभयता युरोपातील एका विद्यापीठात संशोधनाचे काम करीत होतो, तेव्हा मिस्सा आटोपून आल्यावर वसईला मावशीकडे दूरध्वनी करण्याचा आमचा परिपाठ होता. मावशी निवृत्त शिक्षिका. ३६ वर्षे तिने शाळेत शास्त्र शिकविले. आम्हां दोघांपैकी एकाला तर पाढ्यांपासून प्रयोगवहीपर्यंत तिनेच बोट धरून नेले होते. २००८ सालच्या पावसाळ्यात या संभाषणांचा सूर पालटला. मावशीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तिने मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातला असल्याने शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

योगायोग असा, की आमचे काम नेमके अशाच गाठींशी निगडित होते. विजेचा प्रखर पण अत्यल्प काळाचा स्पंद पेशीवर सोडला, की तिच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. स्पंद बेताचा असेल तर ती थोड्या वेळात बुजतात. १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाटेने उंदराच्या पेशींत जनुके शिरविली. पुढे फ्रान्समधील गुस्ताव्ह रूसी संस्थेत लुईस मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लिओमायसिन हे औषध याच छिद्रांतून कर्कपेशींत पोहोचविले आणि १९९१ मध्ये रुग्णांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एरवी हे औषध पेशीत मोठ्या कष्टाने शिरते. दार उघडे मिळाले, की त्याचा प्रभाव शेकडो पटींनी वाढतो. स्पंद तीव्र आणि पुष्कळ असतील, तर मात्र छिद्रे बुजत नाहीत आणि पेशी औषधावाचूनच मरते. ऊतींना घातक उष्णता न देता या मार्गाने गाठ नष्ट करता येईल, असे डावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी २००५ मध्ये मांडले.

‘उष्णता न देता’ या शब्दांतच या उपचाराचे सारे मोल आहे. उष्णता आप-पर जाणत नाही; ती गाठीबरोबर रक्तवाहिनी आणि पित्तनलिकाही जाळते. वीज पेशी मारते, परंतु रक्तवाहिन्यांचा कोलॅजेनचा सांगाडा बहुतांशी शाबूत ठेवते. वाळवी मरावी आणि घर मात्र उभे राहावे, तसे हे आहे. मावशीच्या गाठीला याहून योग्य उपाय कोणता असणार, असे आम्हांला वाटत होते.

आमचे प्रयोग माणसावर नव्हते, प्राण्यावरही नव्हते. दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी कुपीत कर्कपेशी घालायच्या, स्पंद सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी किती पेशी जगल्या ते मोजायचे, एवढेच काम. ऑगस्टच्या अखेरीस एके सकाळी मोजणी केली, तर दहांपैकी नऊ पेशी मेलेल्या. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक! आम्ही पुन्हा प्रयोग केला, पुन्हा तेच. त्या रविवारी आम्ही मावशीला ही वार्ता इतक्या उत्साहाने सांगितली, की जणू ते यंत्र पुढच्या बोटीने वसईला निघाले होते. बोलण्याच्या भरात आमच्यापैकी एकाने सांगून टाकले, ‘कुपी हातात घेतली, की चांगली ऊन लागते.’

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग वर्गात प्रश्न विचारावा तशा स्वरात मावशी म्हणाली, ‘उकळत्या चहात माशी पडली, तर ती बुडून मेली की पोळून?’

आम्ही हसलो, परंतु त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही.

हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. पेशी ज्या क्षारयुक्त द्रवात ठेवतात तो विजेचा चांगला वाहक असतो. त्याची वाहकता मीटरला सुमारे १.५ सीमेन्स. दर सेंटिमीटरला १,५०० व्होल्ट आणि १०० मायक्रोसेकंदांचा स्पंद धरला, तर एका स्पंदाने द्रव सुमारे ०.८ अंश सेल्सियसने तापतो. एका स्पंदाचे काही वाटत नाही. पण आम्ही सेकंदाला एक याप्रमाणे ६० स्पंद देत होतो. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ४८ अंशांची वाढ! शिवाय द्रव तापला, की त्याची वाहकता अंशागणिक सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पुढचा प्रत्येक स्पंद आधीच्याहून अधिक तापवितो. काही उष्णता धातूच्या पट्ट्या शोषून घेतात हे खरे. परंतु किती, हे मोजल्यावाचून कळत नाही आणि आम्ही मोजलेच नव्हते. आमच्या नोंदवहीत व्होल्ट, कालावधी, स्पंदांची संख्या यांचे रकाने काटेकोर भरलेले होते. तापमानाच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द होता, ‘खोलीचे’.

साध्या धातूच्या तापमापकाला विजेच्या क्षेत्रात भरवसा नसतो. म्हणून शेजारच्या विभागातून प्रकाशतंतूचा तापमापक मागून आणला. स्पंद सुरू झाले आणि आकडा २२ वरून चढत चढत ५१ अंशांवर गेला. उष्णतेच्या माऱ्याचे एक परिमाण सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४ मध्ये घालून दिले आहे. ४३ अंशांच्या वर दर अंशाला, तेवढीच हानी होण्यास लागणारा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ५१ अंशांवरील एक मिनिट म्हणजे ४३ अंशांवरील २५६ मिनिटे. मग दुसऱ्या कुपीतील पेशींना विजेचा स्पर्शही न करता, गरम पाण्याच्या कुंडातून तापमानाचा तोच चढउतार दिला. दुसऱ्या दिवशी दहांपैकी सहा पेशी मेलेल्या होत्या.

आमची पहिली धाव बर्फाकडे गेली. कुपी थंड ठेवली, की प्रश्न मिटला, असे वाटले. तीही चूकच होती. थंडीत पेशीपटल ताठर होते आणि पडलेली छिद्रे फार सावकाश बुजतात. शरीराच्या उबेत ती लवकर बुजतात. बर्फातल्या पेशीचे मरण हे देहातल्या पेशीचे मरण नव्हे. अखेरीस मार्ग सापडला तो कंटाळवाणा होता. कुपीभोवती ३७ अंशांचे पाणी खेळवायचे, दोन स्पंदांमध्ये द्रव निवण्याइतकी उसंत द्यायची, तापमान सतत टिपायचे आणि प्रत्येक खेपेला केवळ उष्णतेची एक कुपी शेजारी ठेवायची. एका दिवसाच्या कामाला आठवडा लागू लागला. उष्णता अशी वेगळी काढल्यावर विजेच्या पदरात दहांपैकी चार पेशी उरल्या.

ही केवळ आकड्यांची काटछाट नव्हती. गाठीत सुया खुपसून वीज सोडतात, तेव्हा सुईजवळ क्षेत्र प्रखर असते आणि दूर जावे तसे क्षीण होत जाते. कुपीतला फुगलेला आकडा खरा मानून कोणी उपचाराची आखणी केली असती, तर कडेच्या पेशी मेल्या असे समजून जिवंत सोडल्या गेल्या असत्या आणि सुईजवळच्या रक्तवाहिनीला मात्र उष्णतेचा धोका पोहोचला असता.

मावशीला हे सांगण्यास आम्हांला दोन रविवार लागले. खोटे बोलायचे नव्हते; फक्त गप्प राहायचे होते. तिच्यापर्यंत हा उपचार पोहोचणार नाही, हे आम्ही जाणून होतो आणि बहुधा तीही जाणून होती. मग तिची उमेद का मोडावी, असे एकजण म्हणे. दुसरा म्हणे, ही उमेद आपण चुकीच्या आकड्यावर उभी केली आहे. तिसऱ्या रविवारी सारे सांगून टाकले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

‘म्हणजे बरीचशी पोळूनच मेली होती.’

‘होय, मावशी.’

‘आधी चुकीचे लिहिलेले खोडू नका हो. त्यावर एक रेघ मारा, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी बरोबर उत्तर लिहा.’ शाळेतही ती हेच सांगत असे.

२००९ च्या जानेवारीत मावशी गेली. विजेच्या या उपचाराने तेव्हापासून बरीच मजल मारली आहे. उत्तर कॅरोलिनातील संशोधकांनी तर सुईजवळचे तापमान क्षणोक्षणी पाहून पुढचा स्पंद केव्हा सोडायचा हे यंत्राकडूनच ठरविण्याची पद्धत योजिली आहे. आम्ही रिकामा ठेवलेला रकाना आता यंत्र स्वतःच भरते, याचे आम्हांला समाधान वाटते.

ती जुनी नोंदवही आम्ही जपून ठेवली आहे. तिच्यात ‘खोलीचे’ या शब्दावर पानोपानी एकेक रेघ मारलेली आहे. खालचा शब्द अजून स्पष्ट वाचता येतो.