शून्य नव्हे, अनंतवा भाग

होटगी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे धान्याचे दुकान होते. ज्वारी, तूर आणि करडई हा मुख्य माल. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, चौथीपर्यंतच शिकलेले होते. परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्यांना मुखोद्गत होती. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे मण-शेर जाऊन किलो आले, तरी अण्णांचा हिशेब बदलला नाही. नवे माप ते मनातल्या मनात जुन्या पाढ्यांत घालीत आणि उत्तर सांगत. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो, तेव्हा आकडेमोडीच्या यंत्रावर बोटे फिरवून होण्याच्या आत त्यांचे उत्तर तयार असे. याचा त्यांना थोडा अभिमान होता आणि मला थोडा संकोच.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती गेली. प्रथम गावातली माणसे विस्मरणात गेली, मग नातवंडे आणि अखेरीस मी. एके सकाळी त्यांनी मला विचारले, "आपण कोण? उधारीचे आला असाल तर संध्याकाळी या." मी काही बोलू शकलो नाही. काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "अण्णा, सव्वीस दीड किती?" क्षणाचाही विलंब न लावता ते म्हणाले, "एकोणचाळीस." मी पुन्हा विचारले, "सतरा औट?" "साडेएकोणसाठ." मुलगा ओळखू येत नव्हता, पण औटकी बरोबर होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. हिशेब करणारा आणि जाणणारा एकच आहे, की हे दोन वेगळे आहेत?

निवृत्तीनंतर वेळ होता. या प्रश्नासाठी मला दूर जावे लागले नाही. आचार्य महावीरांचा 'गणितसारसंग्रह' हा नवव्या शतकातील ग्रंथ राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात रचला गेला. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. होटगीहून वाडीला जावे आणि तेथून सिकंदराबादच्या मार्गाला लागावे, की ते लागते. या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती एम. रंगाचार्यांनी १९१२ साली मद्रासहून काढली आणि लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातच, जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. त्याच ग्रंथमालेने त्यापूर्वी १९४३ व १९५१ साली 'तिलोयपण्णत्ती'चे दोन भाग प्रसिद्ध केले होते. आपल्या घरांतील कपाटांत हे ग्रंथ पूजनीय म्हणून असतात. ते उघडले मात्र क्वचितच जातात. मीही साठी उलटल्यावरच उघडले.

गणितसारसंग्रहात त्रैराशिक आहे, व्याजाची उदाहरणे आहेत. बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटतात. ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, हे आचार्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असेही त्यांनी लिहिले, आणि ते बरोबर नाही. हे सांगण्यात मला अनादर वाटत नाही. गणितात आचार्यांचे वचनही पडताळून पाहता येते, हेच त्या शास्त्राचे मोठेपण आहे.

माझे मन अधिक रमले ते मोहरीच्या दाण्यांत. आपल्या शास्त्रात संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन प्रकार आहेत, आणि गणना दोनपासून सुरू होते. संख्यात कोठे संपते हे सांगण्यासाठी एक कृती दिली आहे. जंबूद्वीपाएवढ्या व्यासाचे, म्हणजे एक लाख योजनांचे कुंड मोहरीने भरावे. मग एकेक दाणा एकेक द्वीपात व समुद्रात टाकीत जावे. शेवटचा दाणा जेथे पडेल, तेवढ्या व्यासाचे नवे कुंड करून तेही भरावे, आणि एका आवर्तनाची खूण म्हणून शलाका कुंडात एक दाणा टाकावा. शलाका कुंड भरले की प्रतिशलाका कुंडात एक, आणि ते भरले की महाशलाका कुंडात एक. तिन्ही कुंडे भरतील तेव्हाच्या अखेरच्या कुंडातील दाण्यांची संख्या हे सर्वांत लहान असंख्यात. त्यातून एक वजा केला की सर्वांत मोठे संख्यात.

ही कृती कोणी मनुष्य करू शकणार नाही, तरीही तिच्यात संदिग्ध असे काही नाही. पुढे काय करायचे, हे प्रत्येक पायरीवर ठरलेले आहे. संगणकाचे कार्य अशाच कृतीवर चालते. 'धवला' टीकेतील अर्धच्छेद पाहा. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चा ५, १०२४ चा १०. यालाच आजचे गणित दोन या पायावरील लॉगॅरिदम म्हणते. अनुक्रमाने लावलेल्या १०२४ खात्यांतून एक खाते शोधताना यादी दर वेळी निम्मी करीत गेल्यास दहा वेळांत ते सापडते. संगणकही असाच शोधतो.

आपल्या आचार्यांनी संगणक शोधला होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपले असंख्यात आणि जर्मन गणिती कँटरचे अनंत हेही एक नव्हेत. मोहरीने मोजलेली ती प्रचंड संख्या आजच्या गणिताच्या व्याख्येने सांतच ठरेल. पण 'ज्याची कृती सांगता येते' आणि 'ज्याचा अनुभव घेता येतो' यांतील अंतर त्यांना ठाऊक होते. माझ्या प्रश्नाला एवढे पुरेसे होते.

ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा 'कॉम्प्युटर' हा शब्द माणसालाच लावीत असत. कागद-पेन्सिल घेऊन नियमांनुसार आकडेमोड करणारा कारकून काय करतो, हे पाहून त्याने आपले यंत्र कल्पिले. ते यंत्र म्हणजे आम्हीच होतो! आणि त्याच लेखात त्याने दाखवून दिले की काही प्रश्न असे आहेत, जे कोणतेही यंत्र सर्वसाधारणपणे सोडवू शकत नाही. त्यापूर्वी १९३१ साली कुर्ट गोडेलने सिद्ध केले होते की, अंकगणिताला पुरेशी, विसंगतीरहित आणि यंत्रवत तपासता येणारी कोणतीही नियमावली घेतली तरी तिच्या भाषेतील काही विधाने तिच्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरत नाहीत. यावरून रॉजर पेनरोज यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात मानवी बुद्धी केवळ आकडेमोड नव्हे, असा पक्ष मांडला. त्यावर आक्षेपही सबळ आहे: मानवी बुद्धी तरी विसंगतीरहित आहे, हे कशावरून?

तो वाद विद्वानांचा. मला माझ्या शाखेतील एक प्रसंग आठवतो. आमच्याकडे संगणक नवे आले होते. पूर्वी खतावणीत फरक आला की रात्री जागून शोधावा लागे. फरकाला नवाने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असेल, हे आम्हाला पाठ होते. संगणक आल्यावर फरकच येईनासा झाला. अशात एक वृद्ध बाई पेन्शन जमा झाली नाही म्हणून तीन वेळा आल्या. तिन्ही वेळा मी म्हणालो, "आजी, जमा-नावे जुळलेले आहे. संगणक चुकत नाही." चौथ्यांदा त्या आल्या नाहीत, त्यांचा नातू आला. तेव्हा मी कागद काढला. त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंच्या खात्यात रक्कम गेली होती आणि व्हाउचरवर मंजुरीची सही माझी होती. एकूण बेरीज पैशापर्यंत बरोबर होती. यंत्राने त्याचे काम बिनचूक केले. ते पैसे कोणाचे, हे जाणण्याचे काम माझे होते, आणि तेवढा वेळ मी यंत्र होऊन बसलो होतो. त्यांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. आजही पर्युषणात क्षमा मागताना त्या बाई पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतात.

आपल्या दर्शनात जीवाचे लक्षण आकडेमोड नाही, उपयोग आहे. म्हणजे पाहणे आणि जाणणे. सहा द्रव्यांत संख्येला स्वतंत्र स्थान नाही. पण तत्त्व समजून घेण्याच्या आठ द्वारांत 'संख्या' हे एक द्वार आहे. मला यातून असे उमगते की संख्या ही कोठे वेगळ्या लोकात ठेवलेली वस्तू नव्हे आणि आपल्या मनाचा निव्वळ खेळही नव्हे. वस्तू आहेत म्हणून त्या मोजता येतात, आणि जाणणारा आहे म्हणून मोजण्याला अर्थ येतो. द्वारातून आत जायचे असते. यंत्र द्वार उघडून देते, आत मात्र जात नाही.

मग माझे अण्णा? ते त्या वेळी केवळ यंत्र उरले होते का? हा विचार मला फार छळत असे. त्याचे उत्तर मला शास्त्रातच मिळाले, आणि तेही गणिताच्या भाषेत. ज्ञानावरण कर्म कितीही दाट झाले तरी कोणत्याही जीवाचे ज्ञान पूर्ण झाकले जात नाही. निगोदातील सूक्ष्म जीवातही ज्ञानाचा अनंतवा भाग नित्य उघडा असतो. अनंतवा भाग, तरीही तो शून्य नव्हे. पुद्गलाच्या बाबतीत मात्र ते शून्यच.

अखेरच्या महिन्यात औटकीही गेली. मी "सव्वीस दीड?" विचारले, तर ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. हिशेब संपला होता. पण मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते, असे डॉक्टर म्हणाले. असेल. मी मात्र त्या दिवसापासून त्यांना पाढे विचारणे बंद केले आणि रोज संध्याकाळी नुसता त्यांच्याजवळ बसू लागलो.