ज्ञानदानाची नवी साधने

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांचा महिमा आपल्या घरांत लहानपणापासून कानांवर पडत असतो. भुकेल्याला अन्न दिले, रुग्णाला औषध दिले की ते पोहोचले हे डोळ्यांना दिसते. ज्ञानाचे तसे नाही. ते दिले गेले, पण घेणाऱ्यापर्यंत पोहोचले किंवा नाही, हे देणाऱ्याला पुष्कळदा परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कळत नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाची खरी अडचण हीच आहे. संगणक आणि मोबाइल या अडचणीवर काही उपाय देऊ शकतात काय, याविषयी गेल्या चार वर्षांत जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका तालुक्याच्या गावातील वाणिज्य महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन तास बँकव्यवहार हा विषय शिकवतो. तेथील लेखाकर्माचे एक प्राध्यापक या साधनांचा उपयोग ज्या विवेकाने करतात, त्यातून मलाही पुष्कळ शिकायला मिळाले.

ही साधने आपल्या देशात अगदी काल-परवाची नाहीत. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून 2003 साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. 2017 च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ खुले केले. तेथे व्याख्यानांची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकाचर्चा अशी चारही अंगे विनामूल्य मिळतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरावे लागते. पुढे 2020 साली टाळेबंदी आली आणि सर्वच शिक्षकांना मोबाइलपुढे उभे राहावे लागले. तथापि बहुतेक ठिकाणी फळ्यासमोरचे व्याख्यान तसेच्या तसे पडद्यावर गेले, एवढेच झाले. महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकून ते सारे बाजूला ठेवले. आमच्या प्राध्यापकांनी मात्र त्यातले उपयोगी तेवढे निवडून ठेवले.

ही निवड कशी करावी, याचा विचार करताना मला स्वाध्यायाची पाच अंगे आठवतात. वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, मनन करणे आणि शेवटी इतरांना सांगणे, असा तो क्रम आहे. ज्ञान पचण्यासाठी आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली ही वाट धर्मग्रंथांपुरतीच खरी आहे, असे मला वाटत नाही.

आपल्या महाविद्यालयांतला सारा तास पहिल्या अंगातच संपतो. प्राध्यापक सांगतात, मुले उतरवून घेतात आणि घंटा होते. आमच्या प्राध्यापकांनी हा भाग वर्गाबाहेर नेला. घसारा म्हणजे काय, भांडवली खर्च कोणता आणि महसुली कोणता, अशा एकेका मुद्द्यावर ते दहा-बारा मिनिटांची ध्वनिचित्रफीत स्वच्छ मराठीत तयार करतात आणि गूगल क्लासरूमवर ठेवतात. मुले ती आदल्या दिवशी पाहून येतात. न समजलेला भाग दोनदा-तीनदा पाहतात. वर्गात चारचौघांत ‘सर, पुन्हा सांगा’ असे म्हणण्याचा संकोच वाटणाऱ्यांची त्यामुळे मोठीच सोय झाली. त्यातून वाचलेला वेळ उदाहरणे सोडवण्यासाठी आणि शंकांसाठी मिळू लागला.

पृच्छना हे अंग मला सर्वांत मोलाचे वाटते. तासाच्या आदल्या रात्री ते मोबाइलवर पाच प्रश्नांची लहानशी चाचणी पाठवतात. तिला गुण नसतात. एकदा बँक जुळवणी पत्रकावर प्रश्न होता. व्यापाऱ्याने दिलेला धनादेश अद्याप बँकेत सादर झालेला नाही. तर रोकड पुस्तकाच्या शिलकेवरून पासबुकाची शिल्लक काढताना ती रक्कम मिळवायची की वजा करायची? निम्म्याहून अधिक मुलांनी ‘वजा’ असे उत्तर दिले. धनादेश दिला म्हणजे पैसे गेले, अशी त्यांची समजूत होती. सकाळी वर्गात आल्यावर प्राध्यापकांनी अर्ध्या वर्गाला बँक केले, अर्ध्याला व्यापारी, आणि एक कागदी धनादेश हातोहात फिरवला. तो बँकेपर्यंत पोहोचलाच नाही, तर बँकेच्या वहीत रक्कम कमी कशी होईल, हे मुलांनीच एकमेकांना सांगितले. चूक कुठे होते आहे हे मोबाइलने रात्रीच दाखवून दिले. ती दुरुस्त मात्र शिक्षकाने वर्गात केली. या दोन कामांमधला फरक विसरता कामा नये.

परिवर्तना म्हणजे उजळणी. येथे मला एक्सेलचा फार उपयोग झाला. दहा लाख रुपयांचे गृहकर्ज, व्याजदर 9 टक्के, मुदत 20 वर्षे असे धरले, तर मासिक हप्ता सुमारे 8,997 रुपये येतो. पहिल्या हप्त्यात 7,500 रुपये व्याजाचे आणि मुद्दलाचे जेमतेम 1,497 रुपये असतात. ‘बँक आपले व्याज आधी वसूल करून घेते,’ असे एका मुलाने ठामपणे सांगितले. घरोघरी हेच ऐकू येते. मी त्याला 240 हप्त्यांचा तक्ता स्वतः मांडायला लावला. व्याज दर महिन्याला फक्त उरलेल्या मुद्दलावरच लागते आणि मुद्दल घटते तसे व्याजही घटते, हे त्याने आपल्याच आकड्यांतून पाहिले. मग हप्त्यात दरमहा एक हजाराची भर घातली, तर काय होईल, असे दुसऱ्या एका मुलीने विचारले. तक्ता 186 व्या हप्त्याला संपला. साडेचार वर्षे वाचली! कागदावर हे गणित मांडायला सबंध दिवस गेला असता. येथे शंका आणि उत्तर यांत एका मिनिटाचेही अंतर राहिले नाही.

मननासाठी ते मुलांना शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्यायला सांगतात. ताळेबंदाखालच्या टिपा आणि लेखापरीक्षकांचा अहवाल वाचून नफा वाढला असताना हातातली रोकड का घटली, याचा शोध मुलांनी घ्यायचा असतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘अ’ आणि ‘ब’ या भागीदारांपलीकडे खरा व्यापार असतो, हे त्यांना येथे प्रथमच उमगते. पाचव्या अंगासाठी त्यांनी आपल्या समाजातील एका वयोवृद्ध धान्य व्यापाऱ्यांना दुकानाच्या गादीवरूनच व्हिडिओद्वारे वर्गाशी जोडले. हिशेबपट्टी कशी करतात, हमाली-तोलाई कुठे धरतात, उधारी कुणाला द्यावी आणि कुणाला नाही, हे त्यांनी चाळीस मिनिटे सांगितले. वर्गात एवढी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बाजारपेठेतल्या एका दुकानात काम करणाऱ्या गृहस्थांची मुलगी या वर्गात आहे. घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर रात्री नऊनंतर घरी येतो. हे कळल्यावर प्राध्यापकांनी प्रत्येक चित्रफितीचा मजकूर छापील स्वरूपात ग्रंथालयात ठेवायला सुरुवात केली. दुसरा धोका याहून मोठा आहे. महाविद्यालयांत कित्येक जागा रिक्त राहतात, तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर काम भागवले जाते. एकदा चित्रफिती तयार आहेत म्हटल्यावर ‘मग शिक्षक कशाला?’ हा प्रश्न व्यवस्थापनाच्या मनात येण्यास वेळ लागत नाही. आणि तयार उत्तरे क्षणात हाती देणारी यंत्रे आता मुलांच्या खिशात आहेत. त्यावर आमच्या प्राध्यापकांचा उपाय जुनाच आहे. ते वहीवर बोट ठेवून विचारतात, ‘हा आकडा कुठून आला?’

बँकेत संगणक आला, तेव्हा खतावण्यांच्या बेरजा जुळवत रात्री जागवण्यापासून आमची सुटका झाली. पण समोर बसलेल्या कर्जदाराची पत ओळखण्याचे काम संगणकाने केले नाही. उलट त्यासाठी आम्हाला अधिक वेळ मिळाला. अध्यापनातही हेच घडले पाहिजे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार आहेत. इमारतीला आणि सभागृहाला आपण मुक्तहस्ताने देतो, त्यावर नाव कोरले जाते. त्याच जोडीला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, ग्रंथालयातील चार संगणकांसाठी, गरजू मुलीच्या मोबाइलसाठी थोडी रक्कम राखून ठेवता येईल. आणि ज्यांना पैसा देणे शक्य नसेल, त्यांनी वर्षातून एक तास आपल्या गादीवरून एखाद्या वर्गाला द्यावा. पन्नास वर्षे व्यापार करून मिळवलेले शहाणपण कोणत्याही संकेतस्थळावर आयते मिळत नाही. ते दिल्याने कमी होत नाही, आणि आता तर ते देण्यासाठी दुकान बंद करण्याचीही गरज उरलेली नाही.

जय जिनेंद्र.