काकवीचा वास

पुण्याहून पाचगणीला निघालेल्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचा जीव वाटेत वाईतच रमतो. कृष्णेचे घाट, पुराचे पाणी कापण्यासाठी मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आणि गावाला विद्वत्तेचा मान देणारे मराठी विश्वकोशाचे कार्यालय! पण 2018 सालच्या डिसेंबरात वाईने मला जो धडा दिला, तो पोथ्यांतला नव्हता.

त्याचे असे झाले. आमची गाडी बारा वर्षांची. दिवाळीपासून ती पाणी पिऊ लागली होती. पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारे ते हिरवे कूलंट. दर आठ-दहा दिवसांनी टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली जाई. पण रात्रभर गाडी जिथे उभी असे, त्या फरशीवर थेंब म्हणून दिसत नसे. पुण्यातल्या एका गॅरेजने रेडिएटरचे झाकण बदलले, एक रबरी नळी बदलली आणि "आता बघायला नको" असे सांगितले. मीही मग बघितले नाही.

पहाटे निघालो. थंडी मी म्हणत होती, म्हणून हीटर लावला. खंबाटकीचा घाट ओलांडला तोच सौ. म्हणाली, "अहो, गाडीत काकवीचा वास येतोय."

"येणारच! हा उसाचा मुलूख. गुऱ्हाळं सुरू झाली असतील," असे म्हणून मी सुरूर फाटा येईपर्यंत गुऱ्हाळावर एक व्याख्यानच दिले.

"बरं. पण मग माझे पाय का ओले होताहेत?"

"पाण्याची बाटली सांडली असेल."

पुढच्या काचेवर आतून धुके जमत होते. पुसावे तर तेलकट ओघळ उमटत. त्याचे खापर मी डिसेंबरवर फोडले. पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या माणसापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते. प्रश्न तेवढा त्याने ऐकलेला नसतो.

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागलो. निम्म्या चढावर उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकला. गाडी कठड्याशी घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले आणि झाकणाला हात घालणार, तोच स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन उतरणारा एक जीपवाला ओरडला, "ओ, हात लावू नका! तोंड भाजंल!"

त्याचे खरे होते. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि सगळे एकदम उकळून अंगावर येते.

पाऊण तास थांबलो. खाली कृष्णेचे खोरे पसरलेले, धोमचे पाणी चकाकत होते, पलीकडे पांडवगड. एरवी मी यावर दोन पाने लिहिली असती. त्या दिवशी मात्र डोळे त्या झाकणावरच खिळले होते. इंजिन पुरते निवल्यावर पिण्याचे पाणी टाकीत ओतले आणि गाडी वळवून हलक्या पायाने पुन्हा वाईत उतरलो.

वाईचे मिस्त्री साठीचे. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, झाकणाच्या जागी काटा असलेला हातपंप बसवला आणि इंजिन बंद असतानाच आत हवेचा दाब भरला. काटा पंधरावर उभा राहिला, मग सावकाश खाली येऊ लागला. दाब कुठून तरी जात होता. पण गाडीखाली जमीन कोरडीच.

"भाईर गळत न्हाई म्हंजी आत गळतंय," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सौ.ला विचारले, "वहिनी, गाडीत काय वेगळं वाटलं का?"

"गोडसर वास येत होता. आणि पाय ओले होत होते."

मिस्त्रींनी तिच्या पायांखालचा गालिचा उचलला. खाली हिरवट, चिकट डबके!

हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात दडवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचे तापलेले पाणी त्यातून फिरते. तोच झिरपत होता. "अजून चार वळणं चढला असता, तर हेड वाकलं असतं," मिस्त्री म्हणाले. ते डबके त्यांनी स्वतः पुसले आणि चिंधी दूर ठेवली. कूलंट चवीला गोड असते, पण विषारी. कुत्री-मांजरे चाटतात आणि जीव गमावतात.

डॅशबोर्ड उघडणे हे दिवसभराचे काम. त्यांनी हीटरकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन नळ्या एकमेकींना जोडून त्याला वाटेतूनच वगळले. पुन्हा पंप लावला. या वेळी काटा हलला नाही.

पाचगणीचे दोन दिवस शाली पांघरून काढले. त्या दोन दिवसांत सौ.ने "मी म्हटलं नव्हतं?" असे एकदाही म्हटले नाही. तेच मला अधिक लागले.

परतताना वाई सोडली आणि ती म्हणाली, "अहो, काकवीचा वास येतोय."

मी तिथल्या तिथे गाडी थांबवली, उतरलो, तिच्या बाजूचे दार उघडले आणि गालिचा उचलून खाली हात फिरवला. ठणठणीत कोरडे!

सौ. हसू आवरत रस्त्यापलीकडे बोट दाखवत होती. उसाच्या फडाआड गुऱ्हाळाचा धूर निघत होता.