काचेच्या पेटीतील कणसे

आमच्या बैठकीच्या खोलीत एक काचेची पेटी भिंतीला लावलेली आहे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच आणि आठ इंच खोल. येणारे पाहुणे विचारतात, "साहेब, ही कुणाकडून करून घेतली?" मी स्वतः केली असे सांगताना पूर्वी माझी छाती फुगत असे. आता मात्र पेटीबरोबर तिने मला शिकवलेला धडाही सांगतो.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठच्या काळ्या रानातले. २०१८ साली आमचे दादा, म्हणजे वडील, गेले. पुढच्या वर्षी जुने माळवदाचे घर उतरवले, तेव्हा चुलीवरच्या तुळईला टांगलेली कणसांची एक जुडी सापडली. ती दादांनी राखलेली हुरड्याची गुळभेंडी होती. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना सांगत असे, "दादा, मालदांडी ३५-१ पेरा. हे घरचे वाण आता पुरे." ते माझे ऐकत, पण बांधालगत चार तासे गुळभेंडीची पेरल्याशिवाय राहत नसत. धुराने काळवंडलेली ती जुडी हातात घेतली आणि मला भरून आले. ठरवले, जुन्या चौकटीच्या सागवानाची पेटी करायची आणि तीत ही कणसे जपायची.

चौकटीला वाळवी लागलेली नाही ना, ते आधी ठोकून पाहिले. खिळे उपटले, फळ्या चिरून आणल्या आणि रंधा मारला. पन्नास-साठ वर्षे मुरलेले लाकूड; रंध्याखाली जुन्या सागाचा वास दरवळला. कोपऱ्यांना दोन्ही पट्ट्यांची अर्धी-अर्धी जाडी कापून त्या एकमेकींत बसवल्या. चौकट काटकोनात आली की नाही हे पाहायची सोपी खूण सांगतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही तिरकी अंतरे दोरीने मोजा. ती सारखी भरली तर चौकट सरळ. माझ्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला. सगळे पुन्हा सोडवावे लागले.

काच चार मिलिमीटरची आणली आणि खाचेच्या बरोबर मापाने कापून घेतली. पट्टीचा पहिलाच खिळा ठोकताना ती कोपऱ्यातून तडकली. शेजारचे सुतारकाका हसून म्हणाले, "अहो साहेब, लाकूड पावसाळ्यात अंग धरतं. काचेला चारी अंगांनी निम्मं सूत तरी मोकळं ठेवा." दुसरी काच तशी कापून आणली, ती आजही शाबूत आहे. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. फटी मात्र एकूण एक बुजवल्या. कृषी महाविद्यालयात असताना किडींच्या संग्रहपेटीत ठेवायचो तशा डांबरगोळ्या कोपऱ्यात ठेवल्या, आणि पेटी खिडकीसमोर, चांगली उजेडात लावली.

चार वर्षे गेली. २०२३ च्या भाद्रपदात सूनबाई म्हणाली, "मामंजी, यंदा आजोबांची गुळभेंडी पेरू या का? मुलांना घरचा हुरडा खायला मिळेल." मला आनंद झाला. रोज शेतकऱ्यांना सांगतो त्याप्रमाणे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. सहाव्या दिवशी गोणपाट उलगडले. दोन दाण्यांना पांढरे टोक आले होते, तेही काळे पडले होते. बाकीचे बुरशीने भरले होते.

मी तिथेच खाली बसलो. बियाण्याला ऊन, उकाडा आणि ओल सोसत नाही हे तीस वर्षे गावोगाव सांगणारा मीच. आणि मीच दादांचे बी दररोजच्या उन्हात, काचेमागच्या उकाड्यात, पावसाळ्याची दमट हवा कोंडलेल्या पेटीत ठेवले होते. संग्रहपेटी मेलेल्या किडींसाठी असते. जिवंत बी मी तिच्यात घातले होते.

ही हकिगत सूनबाईने पलीकडच्या काकूंना सांगितली. संध्याकाळी काकू पदराखाली मापटे झाकून आल्या. "दादांनी दिलेलं बी हाय. मी दर साली दोन तासं पेरते आन् राखंत घालून मडक्यात ठेवते. घ्या." काकू कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्यासमोर माझी पदवी मला जड वाटली.

त्या रब्बीत आम्ही चार तासे गुळभेंडीची टाकली. पौषात शेकोटीभोवती सारे घर हुरड्याला बसले, काकूही होत्या. निवडक कणसे बियाण्यासाठी राखली, कडक वाळवली, राखेत मिसळून मडक्यात भरली आणि तोंड शेणामातीने लिंपले. मडके घरातल्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवले.

बंधुभगिनींनो, अशी पेटी तुम्हीही जरूर करा. जुन्या चौकटीचे लाकूड चुलीत घालू नका. पेटीत कणसे ठेवा, शेंगा ठेवा, मुलांना वाणांची नावे शिकवा. पण पेरायचे बी मडक्यात ठेवा आणि दर साली थोडे तरी रानात जाऊ द्या. थोडे शेजाऱ्यालाही द्या. आपल्याकडचे गेले, तर त्याच्याकडचे मिळते.

आमच्या पेटीत दादांची जुनी जुडी अजून आहे. तिच्याशेजारी दर साली नव्या पिकाचे एक कणीस सूनबाई लावते आणि खाली साल लिहिते. पाहुणे विचारतात, तेव्हा मी आधी तिकडे बोट दाखवतो.