उद्गारचिन्हाची किंमत

मागच्या आठवड्यात शुक्रवारी मी ऑफिसात एका पोराला उगाच झापलं. त्याची ही गोष्ट, आणि ओघाने एका छोट्याशा भाषेची.

झालं असं, की बिलांच्या रिपोर्टमध्ये रोजची शिल्लक चुकत होती. कोड त्याचा, म्हणजे चूक त्याची, असं चारचौघांत बोलून मी मोकळा झालो. तो बिचारा "बघतो सर" एवढंच म्हणाला.

शनिवारी भाईंदर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून 'स्कीम'चं अधिकृत वर्णन छापून आणलं. बरेच दिवस मनात होतं. १९७५ साली एमआयटीत गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी ही भाषा केली. १९९८ सालचं हे वर्णन सूचीसकट ५० पानांचं. एवढ्यात अख्खी भाषा! १९९५ साली ब्रेंडन आइकना नेटस्केपने घेतलं ते ब्राउझरमध्ये स्कीम बसवायला. झाली मात्र जावास्क्रिप्ट. त्यामुळे बरंच ओळखीचं वाटतं. फंक्शन हे आकड्यासारखंच मूल्य, दुसऱ्या फंक्शनला देता येतं. आणि जिथे जन्मलं तिथली व्हेरिएबल्स सोबत बाळगतं.

मला आवडला तो शेवटच्या कॉलचा नियम. तुम्ही एकाला काम सांगितलं, त्याने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला, आणि उत्तर येईपर्यंत सगळे फोन धरून बसलेत. हाच स्टॅक. पण मधल्याला पुढे काहीच करायचं नसेल, तर तो म्हणतो, "तू परस्पर त्यांनाच सांग", आणि फोन ठेवतो. स्कीममध्ये हे 'परस्पर' सक्तीचं आहे. म्हणून शेवटचं काम म्हणून फंक्शनने स्वतःलाच लाख वेळा बोलावलं, तरी स्टॅक भरत नाही.

सगळंच गोड नाही. आकड्याच्या जागी शब्द आला, तर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत पत्ता लागत नाही. असो.

मग आलं उद्गारचिन्ह. स्कीममध्ये 'हो की नाही' सांगणाऱ्या फंक्शनच्या नावाशेवटी प्रश्नचिन्ह लावतात, आणि असलेली वस्तू जागच्या जागी बदलणाऱ्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. 'सेट!' म्हणजे सांभाळून, इथे काहीतरी बदलतंय. हा नुसता संकेत, पाळणं लिहिणाऱ्याच्या हातात. पण वाचताना मी थबकलो.

'मोठी दहा बिलं दे' अशा साळसूद नावाचं एक फंक्शन मीच कधीतरी लिहिलं होतं. ते दहा बिलं काढण्यासाठी मूळ लिस्टच सॉर्ट करत होतं की काय? लॅपटॉप उघडला. तेच! तारखेवार लावलेली बिलं रकमेवार होऊन त्या पोराच्या कोडकडे जात होती. त्याचा हिशोब बरोबर, क्रम मी बिघडवलेला. आणि नावात त्याची चाहूलसुद्धा नाही.

सोमवारी फंक्शन दुरुस्त केलं. आता आधी कॉपी, मग सॉर्ट. आणि त्याच चारचौघांसमोर सांगितलं, चूक माझी होती. तो हसला. म्हणाला, "मला वाटलंच होतं सर, पण..."

तो 'पण' अजून टोचतोय. कोडातला बदल निदान शोधून सापडला. माझ्यासमोर बोलावं की नाही, हा त्या पोराच्या मनातला बदल मात्र मी कुठलंही चिन्ह न लावता करून बसलो होतो.