पडवीला चार चाके

समुद्रकाठी घर असणे आणि त्या घरी जाता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा मुंबईकरांच्या उशिरा ध्यानात येते. आमचे घर गुहागरला, खालच्या पाटात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूचे बन आणि त्यापलीकडे ती पाच-सहा किलोमीटर सरळ पसरलेली पुळण. हे वर्णन मी कचेरीत इतक्या वेळा केले आहे, की माझ्या सहकाऱ्यांना ते पाठ झाले असेल. मात्र वर्षातून त्या घरी आमचे किती दिवस जातात, असे कोणी विचारले की मी चहा मागवतो.

गेल्या वर्षी गणपतीत दादाने तो विषय काढलाच. दादा पुण्याला असतो आणि त्याला हिशेब कळतो. "कौले शाकारायची, वाडी शिंपायची, घरपट्टी भरायची, आणि राहायचे वर्षातून आठ दिवस. गिऱ्हाईक आले आहे, मागतो तो भावही बरा आहे. विकून टाकू."

मी आईकडे पाहिले. आईला एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत. ती वाती वळत होती. वर न पाहता म्हणाली, "विकायचे तर विका. पण त्याआधी एकदा मला हेदवीला नेऊन आणा. नऊ वर्षे झाली."

हेदवी हे आईचे माहेर. गुहागरहून काही फार लांब नाही. पण आईच्या गुडघ्यांना एस. टी.ची पायरी चढत नाही, आणि सणासुदीला रिक्षा मिळणे म्हणजे नवस बोलण्याची गोष्ट. मुंबईहून मोटार घेऊन यावे, तर महामार्गाची ती हाडे खिळखिळी करणारी दहा-बारा तासांची शिक्षा आईला सोसत नाही. ती कोकण रेल्वेने चिपळूणपर्यंत मजेत येते. प्रश्न असतो तो चिपळूणच्या पुढचा, आणि घरी पोचल्यावर चार भिंतींत बसून राहण्याचा.

त्या रात्री पडवीत पडल्या पडल्या मला सुचले, की गाडी मुंबईहून आणायचीच कशाला? एखादी जुनी, स्वस्त, गमतीची मोटार घेऊन इथेच ठेवावी. गाडी असली की येणे होईल, येणे झाले की घर राहील. दादाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "एक लाखाच्या आत बसव. आणि शिमग्यापर्यंत आईला हेदवीला ने. नाही जमले तर मी गिऱ्हाइकाला होकार देतो." मी हो म्हणून बसलो.

माझ्या मनात 'गमतीची मोटार' म्हणजे उघडी जीप होती. टप काढलेला, केस वाऱ्यावर (जे काही उरले आहेत ते), आणि गाडी थेट पुळणीवर! पुतण्याने तर 'जिप्सी'चाच हट्ट धरला. १९८५ साली निघालेली ही गाडी आता नवी मिळत नाही, आणि शौकिनांनी जुन्या जिप्सींचे भाव असे चढवून ठेवले आहेत, की आमच्या लाखात तिची चाकेही आली नसती. तेव्हा दापोलीकडची एक जुनी जीप पाहायला आम्ही गेलो. दाभोळ-धोपावे जंगलजेटीने आईलाही बरोबर नेले होते. तिला खाडी ओलांडायला फार आवडते.

जीप देखणी होती. मी आत बसून दोन वेळा हॉर्नही वाजवला. मग आईला म्हणालो, "चल, बस." तिने पायरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "अरे, ही चढायला आधी शिडी घ्यावी लागेल." विक्रेत्याकडे कागद मागितले, तर नोंदणीची मुदत संपून चार वर्षे झालेली आणि पुस्तकावर नाव तिसऱ्याच गृहस्थाचे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि २०२२ साली त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळाच. तात्पर्य, स्वस्त मोटार आधी कागदावर पाहावी, मग डोळ्यांनी.

परतताना जेटीवर आमच्या शेजारी उभा असलेला एक जाणता माणूस म्हणाला, "पुळणीवर गाडी घालायची म्हणता? थंडीत तिथे कासवे अंडी घालतात हो." ते खरेच आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे गुहागरच्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून अंडी पुरतात आणि निघून जातात. पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्या वाळूवरून चाक गेले तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर ती समुद्राचीच झाली. पुळणीवर जायचे नाही म्हटल्यावर चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची गरजही उरली नाही. माझी जीप अशी धोपाव्याच्या धक्क्याला लागेपर्यंत खाडीत बुडाली.

दुसरी गाडी चिपळूणला पाहिली. मारुती ८००, लालभडक, आरशासारखी चकचकीत, आणि भाव ऐकून तर मी खिशात हातच घातला. सुदैवाने बरोबर आमचे शृंगारतळीचे मिस्त्री होते. हा अबोल मनुष्य गाडीकडे वैद्यासारखा पाहतो. त्यांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. सीटचा पट्टा धरून टोकापर्यंत ओढला. पट्ट्याचा वरचा हात-दोन हात भाग स्वच्छ, आणि आतल्या टोकाला मातकट रेघ. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवले आणि ते बोट मला दाखवले. गाळ होता, बारीक, पिठासारखा.

"साहेब, ही आंघोळ करून आलीय," एवढेच ते म्हणाले.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा किती मोटारी बुडाल्या त्याला गणती नाही. पुष्कळशा भंगारात गेल्या, पण काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. बुडलेल्या गाडीचे इंजिन एक वेळ सुधारते, पण तारांच्या जोडांत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे आपला सूड घेत राहते. गाडीत उग्र अत्तराचा वास येत असेल तर आणखी सावध व्हावे.

परतीच्या वाटेवर मार्गताम्हाण्याला चहा घेताना मिस्त्रींनी मला जे शिकवले, ते माझ्यासारख्या इतर हौशी मंडळींसाठी इथे देतो.

"समुद्रकाठची गाडी समुद्रकाठी घेऊ नका," हे त्यांचे पहिले वाक्य. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ पत्र्याच्या सांदीसापटीत बसते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही तिथे ओल राहते, आणि खारट ओलीत लोखंड झपाट्याने गंजते. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा पापड होतो. म्हणून गाडी घ्यावी घाटावरची, कोरड्या हवेत वाढलेली. घेताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून आणि चाकांवरच्या कमानींवरून फिरवावे. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुटीन आहे असे समजावे. जॅक लावायची जागा आणि बॅटरीखालचा पत्रा ठोकून पाहावा. टणटण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर नमस्कार करून निघावे. दारांच्या तळाशी पाणी निचरायची भोके असतात, ती मोकळी आहेत का ते बघावे. आणि आपण जाण्यापूर्वी मालकाने गाडी चालू करून ठेवलेली नसावी. थंड इंजिन कसे सुरू होते आणि मागून निळा धूर येतो का, यावरच परीक्षा होते.

दुसऱ्या दिवशी मी सुताने आमचा बोळ मोजला. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये साडेसात फूट. यात गाडी घातली तर दार उघडायला जागा किती राहणार? मोठ्या दाराची मोटार आत जाईल, पण माणूस आतच राहील! तेव्हा पुतण्या हसत हसत म्हणाला, "काका, मग सरकत्या दाराची ओम्नी घ्या. शाळेत नेणारी असते ना, ती."

तो थट्टा करीत होता, पण मी मात्र गप्प झालो. ओम्नीची रुंदी साडेपंचावन्न इंच, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही थोडी कमी. इंजिन तेच, ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे, गावोगावच्या मिस्त्रींना तोंडपाठ. १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे ही गाडी निघत होती, त्यामुळे सुट्या भागांची अडचण नाही. गडग्याला एका अंगाने चिकटून उभी केली, की दुसऱ्या अंगाला दार सरकवून उतरता येते.

कुंभार्ली घाट चढून आम्ही कऱ्हाडला गेलो. एका निवृत्त शिक्षकांची २००९ सालची ओम्नी होती, पांढरी, कोपऱ्यावर एक पोचा पडलेली. नोंदणी २०२९ पर्यंत वाढवलेली, विमा चालू, आणि ते गृहस्थ नमुना २९ व ३० भरूनच बसलेले. मिस्त्री गाडीखाली सरपटत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. "पोचा खरा आहे," ते म्हणाले. "लपवलेला नाही." पंचाण्णव हजारांना सौदा ठरला.

गाडीत दोष नाहीत असे नाही. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे चालवणाऱ्याला शेक मिळतो. घाटीला ती दम खाते. आमच्या सौ.नी तिचे नाव 'पावाची लादी' ठेवले आहे. तिची निगाही राखावी लागते. आम्ही मुंबईला जाताना बॅटरीची ऋण बाजूची तार सोडतो, हँडब्रेक न लावता चाकांना दगड देतो (महिनोन्‌महिने ओढून ठेवला तर ब्रेक चिकटून बसतो), आणि खालचा भाग विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतो. प्लॅस्टिक मात्र पांघरत नाही, कारण त्याखाली ओल कोंडते. शेजारचा मुलगा आठवड्याला एकदा पालशेतपर्यंत फेरी मारून आणतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून रबरी नळ्या मिस्त्रींनी आधीच बदलून दिल्या.

माघ वद्य चतुर्दशीला सकाळी आई तयार होऊन ओटीवर बसली होती. "आज चौदावी तिथी. पाऊणपट म्हणजे साडेदहा. साडेदहाला भरती. त्याआधी पोचायला हवे," ती म्हणाली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब तिने माहेराहून आणलेला आहे. बोळात दार सरकवले. आई माझा हात न धरता, दाराची कड धरून आत बसली.

पालशेत, वेळणेश्वर करीत आम्ही हेदवीला पोचलो. दशभुजा गणपतीचे दर्शन झाले, आणि मग किनाऱ्यावर, रस्ता संपतो तिथे, मी गाडी समुद्राकडे दार करून उभी केली. पलीकडे खडकात बामणघळ आहे. भरतीला त्या अरुंद चिरेत लाट घुसते आणि उंच उसळते. आईला तिथवर चालणे शक्य नव्हते, आणि आम्ही उभे होतो तिथून घळ दिसतही नव्हती. मी हळहळलो.

"दिसायला कशाला हवी?" आई म्हणाली. "ऐक."

लाट आत शिरल्याचा घुमारा आला, मग क्षणभर काही नाही, आणि मग पाणी कोसळल्याचा आवाज. पुन्हा घुमारा. आई सीटवर मांडी घालून बसली होती, जशी घरच्या पडवीत बसते तशी. वारा आत येत होता. ती लहानपणी इथे कोणाकोणाबरोबर येत असे ते सांगत होती. त्यांतली बहुतेक नावे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ओहोटी लागेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी म्हणालो, "शिमग्याच्या आत झाले." तो जरा थांबला आणि म्हणाला, "मागे किती माणसे बसतात?"

"तीन सहज बसतात. का रे?"

"काही नाही. होळीला आम्ही येतो म्हणतो."

गिऱ्हाइकाचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही. पुढे काढील, कारण त्याचा हिशेब काही चुकीचा नाही. पण तेव्हा त्या हिशेबात पंचाण्णव हजारांची एक ओळ जास्तीची असेल, आणि ती जमेच्या बाजूला लिहायची की खर्चाच्या, हे आता आईला विचारावे लागेल.