उतार आणि उतारा

आमच्या घरातील एका खोलीला तीन नावे आहेत. आई तिला न्हाणीघर म्हणतात, आम्ही दोघे बाथरूम म्हणतो आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी वॉशरूम. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई, दोघेही त्यांना आईच म्हणतो.) २०२३च्या श्रावणात या खोलीचे नूतनीकरण काढले, तेव्हा पाहणीला आलेला प्लंबर म्हणाला, "नानी ट्रॅप बदलावा लागेल." हा कुणाच्या आजीला पकडण्याचा सापळा, असे मुलीने विचारले. आमच्यापैकी ज्याचा विषय भाषाविज्ञान त्याला दोन दिवसांनी उलगडा झाला. हा शब्द मूळचा 'न्हाणी ट्रॅप'. जमिनीतील पाणी ओढून घेणारा आणि आपल्या वाकात थोडे पाणी धरून खालची दुर्गंधी वर येऊ न देणारा हा भाग. स्नान, ण्हाण, न्हाणी अशा वाटेने आलेला आपला शब्द इंग्रजी प्लंबिंगच्या पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणून जाऊन बसला आहे, आणि ज्या घरातून तो निघाला तिथे त्याची नानी झाली आहे. या शोधाने आम्ही इतके हरखलो की त्या ट्रॅपभोवतीचा सांधा कोण आणि कसा भरतो आहे, हे पाहायचे राहूनच गेले.

'राहून गेले' या क्रियापदाकडे पुढे यायचेच आहे.

नूतनीकरणाचे कारण हौसेचे नव्हते. आई ८१ वर्षांच्या. दाराशी चार इंचांचा उंबरा, जुनी गुळगुळीत फरशी, आधाराला काही नाही. एकदा त्या घसरल्या आणि केवळ बादलीच्या कानाला हात लागला म्हणून निभावले. तेव्हा उंबरा काढावा, खरखरीत फरशी घालावी, भिंतीत धरायला दांड्या बसवाव्यात, असे ठरले. तीन ठेकेदारांकडून अंदाजपत्रके घेतली: १ लाख ९० हजार, १ लाख ६५ हजार आणि १ लाख ३० हजार. आम्ही कोणते निवडले हे सांगायला नको. कमी दर सांगणाऱ्याने काय कमी करायचे ठरवले आहे, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही.

करारही झाला. वहीच्या अर्ध्या पानावर 'बाथरूमचे काम मालासह पूर्ण करून देणे' असे एक वाक्य, खाली रक्कम आणि दोन सह्या. आमच्यापैकी एकीने द्वितीय वर्षाला व्यावहारिक मराठी शिकवताना करारपत्राचे लेखन हा घटक अनेकदा शिकवला आहे. 'संदिग्धता टाळावी' या मुद्द्याला ती दोन गुण देते. 'पूर्ण' म्हणजे काय, हे त्या वाक्यात कुठेच नव्हते.

काम अकरा दिवसांत आटोपले आणि गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी खोली आमच्या ताब्यात आली. पांढऱ्याशुभ्र भिंती, करडी फरशी, चकचकीत नळ. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळ करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी माझ्यामागून दाराकडं येतंय."

पाणी खोटे बोलत नाही. ते ट्रॅपकडे जायचे सोडून दाराशी येऊन थांबत होते, म्हणजे आई जिथे पाऊल टाकणार नेमके तिथे. जिच्यासाठी हे सारे केले तिच्याच वाटेत आम्ही पैसे मोजून डबके तयार केले होते. मग संशयाने सगळीकडे पाहू लागलो. भिंतीच्या टाइल्सवर दोन रुपयांच्या नाण्याने टकटक केले, तर मधोमध भरीव आवाज येई आणि कडांना पोकळ. टाइलच्या पाठीला सर्वत्र माल न लावता मधे आणि कोपऱ्यांत गोळे ठेवून ती चिकटवली, की असे होते. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही. साध्या सिमेंटच्या लगद्याची पकड तिच्यावर नीट बसत नाही, त्यासाठी वेगळा चिकट माल लागतो. हे ज्ञान आम्हाला काम झाल्यावर प्राप्त झाले.

तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरचे निवृत्त शेजारी दारात आले. "सर, मॅडम, जरा खाली येता का?" एवढेच म्हणाले. त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर ताटाएवढा ओला डाग होता आणि त्याच्या मध्यावर एक थेंब लोंबत होता. आम्ही तिघे मान वर करून त्या थेंबाची वाट पाहत उभे राहिलो. त्यांनी आवाज चढवला असता तर फार सोपे गेले असते.

ठेकेदाराशी झालेल्या संभाषणांचा अभ्यास एखाद्या वैयाकरणाने करावा. उतार 'राहून गेला', सांधा 'सुटला असेल', माल 'कमी पडला', पोरांकडून 'झालं असेल'. सारी वाक्ये अशी, की कर्ता शोधून सापडू नये. "उद्या माणूस पाठवतो" हे एकच वाक्य कर्तरी होते आणि तेवढेच खरे ठरत नव्हते. एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, सगळीकडं असंच असतं. तुम्हीच फार बारीक बघताय."

मग आम्ही आपल्या परिचयाच्या हत्याराकडे वळलो. दोषांची तारीखवार यादी, छायाचित्रे, पैसे दिल्याच्या नोंदी असे सगळे जोडून पत्र लिहिले. उरलेला २० हजारांचा हप्ता थांबवला. ग्राहक संरक्षण कायदा वाचला. १९८६चा कायदा जाऊन २०१९चा आला आहे, जिल्हा मंचाचा आता आयोग झाला आहे, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते, हे कळले. तक्रारीचा मसुदाही झाला. तो चांगलाच उतरला होता, हे सांगताना आता संकोच वाटतो.

तो मसुदा टेबलावर असतानाच एक वयस्क गवंडी काम पाहायला आले. त्यांच्याजवळ एक पारदर्शक नळी होती. तिच्यात पाणी भरून त्यांनी एक टोक ट्रॅपपाशी धरले, दुसरे दाराशी धरायला आम्हाला दिले, आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेघेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजले. "मीटरला सेंटीमीटरभर तरी उतार हवा मोरीकडं. इथं दारच आठ मिलिमीटरनं खाली आहे." फरशी उचलल्यावर खाली विटांचा नीट कोबा नव्हता, जुन्या कामाचाच राडारोडा दडपलेला होता. ट्रॅपच्या गळ्याभोवती जलरोधक लेपाचा हात फिरलेला नव्हता.

त्यांनी मग साधा प्रश्न विचारला. "लेप दिल्यावर पाणी भरून ठेवलं होतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आठव्या की नवव्या दिवशी पहिल्या कामावरचा तरुण गवंडी दाराशी येऊन म्हणाला होता, "दोन दिवस पाणी भरून ठेवू का? खाली उतरतंय का ते कळंल." आणि आम्ही म्हणालो होतो की गौरी आल्या आहेत, पाहुणे यायचे आहेत, दोन दिवस नाहीत. "तुमचं घर. तुम्ही म्हणाल तसं," म्हणून तो खाली मान घालून पुन्हा कामाला लागला होता. चौरस फुटावर मजुरी घेणाऱ्या त्या मुलाचे या दोन दिवसांत नुकसानच होते; तरी त्याने विचारले होते. तारीखवार यादीत ही तारीख आम्ही लिहिली नव्हती. विसरलो होतो असे म्हणता येईल. 'राहून गेली' असेही म्हणता येईल.

यामुळे ठेकेदार निर्दोष ठरत नाही. लेप न देणे, राडारोडा पुरणे, उलटा उतार काढणे हे त्याचेच. पण चाचणी नाकारणारे वाक्य पूर्णपणे कर्तरी होते आणि त्याचे कर्ते आम्ही होतो.

त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला एम.ए.चा लघुशोधप्रबंध टेबलावर होता. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात चार समीक्षकांची मते शेजारी शेजारी चिकटवली होती आणि मधल्या जागा भरल्याच नव्हत्या. वाचताना कडांना पोकळ आवाज येत होता. समासात मात्र आमच्याच अक्षरात 'समाधानकारक' असा शेरा होता. विद्यार्थी म्हणाला होता, "सर, तारीख जवळ आली आहे," आणि आम्हाला तारखा कळतात. आम्ही त्याला बोलावून ते प्रकरण पुन्हा लिहायला सांगितले. मुदतीला नऊ दिवस उरले होते. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत?" आजही याचे उत्तर आमच्याकडे नाही. त्याने प्रकरण पुन्हा लिहिले. ते थोर झाले नाही, पण भरीव झाले.

आयोगाकडे आम्ही गेलो नाही. कुणी गेले तर ते चूक आहे असेही आम्ही म्हणणार नाही. तो मार्ग त्यासाठीच आहे. ठेकेदाराला भेटून त्याचे दोष आणि आमची घाई, दोन्ही एकाच कागदावर मांडले. तो हप्ता त्याने सोडला आणि वर नव्या टाइल्सचे पैसे दिले. दुरुस्तीची मजुरी आणि खालच्या छताचा रंग आम्ही केला.

या वेळी लेप वाळल्यावर ७२ तास पाणी भरून ठेवले. तेवढे दिवस आईंची अंघोळ कुठे? खालचे शेजारी आपणहून म्हणाले, "आमच्याकडं येऊ द्या." ज्यांच्या डोक्यावर आमचे पाणी गळले त्यांच्याच न्हाणीघरात आई तीन दिवस न्हाल्या. रोज रात्री आम्ही बॅटरी घेऊन खाली जात होतो आणि शेजाऱ्यांसह मान वर करून कोरडे छत पाहत होतो.

फरशी बसल्यावर आईंनी आमच्या तपासणीवर विश्वास ठेवला नाही. दाराशी उभे राहून त्यांनी एक तांब्या पाणी ओतले. पाणी क्षणभर पसरले, मग एका बाजूला वळले आणि सावकाश मोरीकडे निघाले. ते पूर्ण जाईपर्यंत आई पाहत राहिल्या. इतकी वर्षे आम्ही प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारत आलो. त्या दिवशी उतार समोर होता आणि प्रश्न आम्हाला होते. असो. आईंनी तांब्या पालथा घातला आणि भिंतीवरची दांडी धरून त्या आत गेल्या.